सावडीची वही

(या महिन्याचा अभ्यासपाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मधे थांबून बोलायला हरकत नाही. शेवटी दिलेलं काम त्याच बैठकीत करावं.)

सख्यांनो,

आपल्या गटाच्या वहीत काय काय लिहिलेलं असतं? बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, परतफेड, कोण हजर, कोण गैरहजर. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रच हिशेबाचं आहे. रुपयाचा हिशेब ठेवायला आपण शिकलो, आणि त्याच्या जोरावर बँकेच्या साहेबासमोर खुर्चीवर बसून बोलायलाही शिकलो.

पण आपल्यात पैशाशिवायही एक मोठी देवाणघेवाण चालते. ती कामाची. तू माझ्या शेतात ये, मी तुझ्या शेतात येते. हिला आपण सावड म्हणतो. सावडीचा हिशेब असतो, पण तो डोक्यात असतो. डोक्यातला हिशेब कधी चुकतो, कधी कुणाच्या बाजूने झुकतो, आणि ज्या बाईच्या मागे बोलणारं कुणी नाही तिच्या वाट्याला तोटा येतो. म्हणून हा पाठ.

अकोल्याच्या डोंगरातलं वर्ष

सावड समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात जाऊ. अकोले तालुका. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच तालुक्यात. घाटघर, रतनवाडी, साम्रद, बारी, कुमशेत अशी लहान लहान गावं आणि त्यांच्या त्याहून लहान वाड्या. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. बाजारहाटाला राजूर नाहीतर कोतूळ गाठायचं.

पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या सख्यांनी इथला पाऊस पाहिला तर विश्वास बसणार नाही. आपल्याकडे ढगाकडे बघून मान दुखते, तिथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तरी गंमत बघा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या कितीतरी वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन झरा गाठतात.

तिथलं कामाचं वर्ष असं असतं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचे. हिरडा गोळा करून वाळवायचा. पावसाळ्याचं सरपण आणि गवऱ्या आधीच घरात भरून ठेवायच्या, कारण नंतर कोरडी काडी मिळत नाही. मृग लागला की राबात भाताचं बी पेरायचं. रोप वर आलं की खाचरात चिखलणी आणि मग आवणी, म्हणजे भाताची लावणी. उतारावर नागली आणि वरई. पुढे बेणणी. दिवाळीच्या आसपास कापणी, भारे वाहणं, झोडणी. वसुबारसेच्या दिवशी ही मंडळी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरं सांभाळण्याची प्रार्थना करतात. भात घरात आलं की कितीतरी जण मजुरीला बाहेर पडतात. नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याच्या आणि बागायती शेतांत अकोल्याचे मजूर दिसतात ते हेच.

यातलं सगळ्यात नाजूक काम आवणीचं. रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं असताना लावलं तर त्याला फुटवे चांगले येतात. रोप म्हातारं झालं की फुटवे कमी, म्हणजे ओंब्या कमी, म्हणजे वर्षभराचे दाणे कमी. पाऊस सगळ्यांच्या शेतावर एकाच वेळी पडतो, रोप सगळ्यांचं एकाच वेळी तयार होतं. त्यामुळे हात सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतात. सावडीचा जन्म इथे होतो.

सावड, इर्जिक, पडकई

तिन्ही शब्द जुने आहेत. बैठकीतल्या वयस्क बायांना विचारा, त्या जास्त चांगलं सांगतील.

सावड म्हणजे दिवसाला दिवस. मी तुझ्याकडे एक दिवस आले, तू माझ्याकडे एक दिवस यायचं. कुणी बैलजोडी आणली तर तिच्या एका दिवसाला माणसांचे किती दिवस द्यायचे, हे ज्या त्या गावात ठरलेलं असतं.

इर्जिक म्हणजे बोलावणं. एखाद्याचं काम अडलं तर गाव जातं, एका दिवसात काम उरकतं, आणि ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घालतो. इथे उलट फेड मोजत नाहीत.

पडकई हा शब्द अकोल्याला लागून असलेल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात जास्त ऐकू येतो. उतारावर बांध घालून, दगड-माती वाहून नवं खाचर तयार करायचं काम एकट्या घराला झेपत नाही. मग पाच-सात घरं एकत्र येतात. आज याच्या जमिनीवर, उद्या त्याच्या.

सपाटीवरही हे होतंच. बाजरीची कापणी, खुरपणी सावडीने चालायची. ओळीने बाया बसायच्या, भलरी म्हणायच्या, काम कधी सरलं ते कळायचं नाही. आता कांद्याच्या लागवडीला टोळी येते, उक्तं काम घेते, रोख पैसे लागतात. सावड कमी झाली तसा हंगामातला रोख खर्च वाढला. तो पैसा कुठून येतो? बऱ्याचदा आपल्याच गटाच्या कर्जातून, नाहीतर सावकाराकडून.

चला, हिशेब मांडू

पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका वाडीत चार घरं सावडीत आहेत. समजा, रोप उपटून आवणी करायला एका माणसाला दोन गुंठ्यांना एक दिवस लागतो.

पहिलं घर : १० गुंठे जमीन, कामाची माणसं २. लागणारे दिवस ५.
दुसरं घर : २० गुंठे, माणसं ३. लागणारे दिवस १०.
तिसरं घर : २० गुंठे, माणसं ३. लागणारे दिवस १०.
चौथं घर : ३० गुंठे, माणसं २. लागणारे दिवस १५.

चौथ्या घरात एक बाई आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा, एवढेच. मालक मजुरीला बाहेरगावी.

एकूण लागणारे दिवस ४०. एकूण माणसं १०. म्हणजे सगळ्या वाडीची आवणी ४ दिवसांत उरकते. पहिल्या दिवशी सगळे दुसऱ्या घरच्या खाचरात, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरच्या, तिसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चौथ्या घरच्या, चौथ्या दिवशी दुपारनंतर पहिल्या घरच्या. चौथ्या घरच्या दोघांनीच काम करायचं म्हटलं असतं तर साडेसात दिवस लागले असते.

आता देणं-घेणं बघा. पहिल्या घराने २ माणसं ४ दिवस दिली, म्हणजे ८ दिवस. घेतले ५. त्यांचे ३ दिवस येणे. दुसऱ्या घराने १२ दिले, १० घेतले. २ येणे. तिसऱ्याचेही तसेच २ येणे. चौथ्या घराने ८ दिले आणि १५ घेतले. त्यांच्यावर ७ दिवस देणे. येणे ३ अधिक २ अधिक २, बरोबर ७. बेरीज जुळली. गटाच्या वहीसारखीच जुळली.

हे ७ दिवस चौथ्या घरची बाई कापणीला फेडू शकते, भारे वाहताना फेडू शकते, पुढच्या वर्षी राब भाजताना फेडू शकते. सावड नसती तर? हेच ७ दिवस मजूर लावून घ्यावे लागले असते. समजा मजुरी ४०० रुपये. ७ दिवसांचे २,८०० रुपये, आणि जेवण-चहा वेगळा. आवणीच्या वेळी घरात रोख पैसा नसतो, म्हणून ते २,८०० उसने. सावकाराचा दर शेकडा ५ रुपये महिना धरला, तर भात विकेपर्यंतच्या ५ महिन्यांत ७०० रुपये व्याज. गटातून शेकडा १ ने घेतले तरी १४० रुपये व्याज आणि मुद्दल डोक्यावर. सावडीत व्याज शून्य.

म्हणून सावडीला जुनी पद्धत म्हणून बाजूला ठेवू नका. ते बिनव्याजी कर्ज आहे, फक्त रुपयात नाही, दिवसात.

सावड कुठे तुटते

मग इतकी चांगली गोष्ट मोडते का? कारणं साधी आहेत.

एक. ज्या घराला देणं आहे, त्या घरची माणसं कापणीच्या वेळी मजुरीला निघून जातात. बाहेर रोख पैसा मिळतो, त्यांचाही दोष नसतो. पण येणं असलेल्या घराचा दिवस बुडतो आणि पुढच्या वर्षी ते घर सावडीत येत नाही.

दोन. मोठ्या जमिनीचं घर दरवर्षी जास्त दिवस घेतं आणि कमी देतं. कुणी मोजत नाही, त्यामुळे कुणी बोलत नाही. मनात मात्र राहतं.

तीन. पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टर आला की त्याचा मालक रोख मागतो. बैलजोडीचे दिवस माणसांच्या दिवसांनी फिटायचे, डिझेल तसं फिटत नाही.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. एखादी बाई गरोदर आहे, एखादी आजारी, एखादी म्हातारी, एखादी विधवा आणि पदरात लहान लेकरू. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नाही. फक्त तिला सावडीचं बोलावणं जात नाही. कारण तिच्याकडून दिवस परत मिळेल का, याची कुणालाच खात्री नसते. म्हणजे जिला हातांची गरज सगळ्यात जास्त, तीच सावडीच्या बाहेर. तिचं रोप राबात म्हातारं होतं.

आता विचार करा. आवणी चालू आहे, पाऊस कोसळतोय, आणि एक सात महिन्यांची गरोदर बाई सगळ्यांची मिळून सहा लेकरं घेऊन घरात बसली आहे. त्यांना भरवते, शेतातल्या दहा जणांचं जेवण रांधते. ती नसती तर सहा लेकरांच्या आया निम्मा दिवस घरीच अडकल्या असत्या. तिचा दिवस सावडीत धरायचा की नाही? बैठकीत इथे थांबा आणि प्रत्येकीने आपलं मत सांगा.

आमचं म्हणणं असं की धरायचा, आणि पूर्ण धरायचा. वाकून रोप लावणं हे काम आणि लेकरं सांभाळून रांधणं हे बसणं, हा भेद आपण बायांनी तरी करू नये.

कोण मोजतं, त्याला महत्त्व आहे

आपल्याच जिल्ह्याची दोन उदाहरणं घेऊ.

पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. तिथे कामाचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायको जोडीने. उचल घेतो नवरा, हिशेब होतो नवऱ्याशी. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. पण तिच्या नावाची वेगळी ओळ मुकादमाच्या वहीत नसते. समान कामाला समान मजुरी देण्याचा कायदा देशात १९७६ साली झाला. पण जिचं कामच वेगळं लिहिलं जात नाही, ती समान कशाच्या आधारावर मागणार?

दुसरं उदाहरण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावचं. राहीबाई पोपेरे यांना आपण सगळ्या ओळखतो. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भाताची, वालाची, भाज्यांची गावरान बियाणी जपली, घरातच बियाण्यांची बँक केली, बायांना बरोबर घेतलं. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बी निवडणं, राख लावणं, मडक्यात भरून उतरंडीला ठेवणं, हे काम आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या. त्याला कुणी काम म्हटलं नव्हतं. राहीबाईंनी वाण ओळखून वेगळे ठेवले, नावं सांगितली, किती प्रकार आहेत ते लोकांसमोर मांडलं. तेव्हा जगाला त्याची किंमत कळली.

घरातल्या कामाचंही तसंच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं आढळलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. जे पुरुष हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेलेही नाहीत. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बाईची २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. आपली दहा मिनिटं कमी झाली आणि त्यांचीही नऊ कमी झाली.

२८९ मिनिटं गुणिले ३० दिवस केलं तर महिन्याचे सुमारे १४४ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर १८ दिवस. म्हणजे घरातली बाई महिन्याला १८ दिवसांच्या मजुरीइतकं काम चुलीपाशी आणि पाण्यापाशी करते, आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर सांगते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’

लिहिलं तर आपलेपणा जातो का?

हा प्रश्न बैठकीत नक्की निघेल. एखादी म्हणेल, शेजारणीच्या कामाचा काय हिशेब ठेवायचा? माणुसकी राहील का?

तिला लग्नातली आहेराची वही आठवून द्या. मांडवात एक जण वही घेऊन बसतोच. कुणी किती रुपये, कुणी पातेलं, कुणी साडी, सगळं नावानिशी लिहितो. त्याने नाती तुटली का? उलट त्या वहीमुळेच पुढच्या लग्नात आपण कुणाला विसरत नाही. आहेर लिहिणं कंजूषपणा होत नाही, तर दिवस लिहिणं कसा होईल? आणि मयताच्या घरी भाकरी पोचवणं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू नेणं, हे सावडीत धरायचं नाही. ते माणुसकीचं खातं, ते उघडंच राहू द्या.

वही लिहिण्याचा खरा फायदा दुबळ्या बाईला आहे. ज्या घरात चार धट्टीकट्टी माणसं आहेत, त्यांना हिशेब नसला तरी चालतो. त्यांचं कुणी बुडवत नाही. एकट्या बाईला मात्र ‘माझे तीन दिवस येणे आहेत’ असं वही उघडून दाखवता आलं, तर तिला कुणाच्या दारात आवाज बारीक करून उभं राहावं लागत नाही. आणि तिच्यावर सात दिवस देणे असतील, तर ते सातच आहेत, दहा नाहीत, हेही वहीच सांगते.

बैठकीत करायचं काम

१. एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक घराला एक पान. चार रकाने : तारीख, कुणाकडे काम, दिले, घेतले. अर्धा दिवस असेल तर अर्धा लिहा. जिला लिहिता येत नाही तिने रेघा ओढाव्यात. वही कुणाकडे राहील ते ठरवा, दर बैठकीत बेरीज वाचून दाखवा.

२. हंगामाच्या आधी, मृगाच्या अगोदरच्या बैठकीत, नियम ठरवा. बाईचा दिवस आणि पुरुषाचा दिवस सारखाच धरा. रांधणारीचा आणि लेकरं सांभाळणारीचा दिवसही तेवढाच.

३. देणं कसं फेडायचं याचे तीन मार्ग आधीच लिहून ठेवा : दुसऱ्या कामाचा दिवस, धान्य, किंवा गावच्या दराने रोख. मजुरीला बाहेर जाणाऱ्या घराने जाण्याआधी यातला एक मार्ग सांगून जावं.

४. गरोदर, आजारी, म्हाताऱ्या सखीचं देणं पुढच्या वर्षावर न्यायचं का, की गटाने मिळून वाटून घ्यायचं, हे बोलून ठरवा. ठरलं की ठराव लिहा आणि सह्या घ्या. नंतर प्रसंग आल्यावर बोलायला अवघड जातं.

५. प्रत्येकीने घरी जाऊन एका दिवसाचं स्वतःचं काम लिहावं. उठल्यापासून झोपेपर्यंत, किती वाजता काय. शेजारी घरातल्या पुरुषाचंही लिहावं. भांडायला नको, नुसतं लिहावं. पुढच्या बैठकीत दोन-तीन जणींनी वाचून दाखवावं.

चर्चेसाठी प्रश्न

तुमच्या गावात सावड कोणत्या कामाला अजून चालते? ती बंद पडली असेल तर कोणत्या वर्षापासून आणि कशामुळे?

गेल्या हंगामात तुमच्या गटातल्या कुणी मजुरी भागवायला कर्ज घेतलं का? किती? त्यातलं किती काम सावडीने झालं असतं?

तुमच्या वाडीत अशी कोण आहे, जिला सावडीचं बोलावणं जात नाही? या हंगामात तिच्याकडे सांगावा घेऊन कोण जाईल? तिचं नाव आणि जाणारीचं नाव, दोन्ही आजच्या इतिवृत्तात लिहून घ्या.